हापूसला ४६ मार्क

*"ताई, सप्टेंबरमध्ये मी इंग्लंडला आले. इंटरनॅशनल मार्केटिंगमध्ये एम.एस्सी. करतेय. घर देवगडजवळ, बाबांची हापूसची कलमं आहेत. बी.कॉम.ला ७८ टक्के होते, शाळेपासून कधी साठच्या खाली आले नाही. इथे मुख्य विषयाचा पहिला रिपोर्ट दिला. आपल्या देशातलं एक उत्पादन घ्या, एक परदेशी बाजार घ्या, तिथे जावं की नाही ते १५०० शब्दांत सांगा, असा प्रश्न होता. मी हापूस आणि ब्रिटन घेतलं. दोन आठवडे जागून लिहिलं आणि ४६ पडले. पासिंग ५० ला आहे. शेरा एवढाच: 'फार वर्णनात्मक. निर्णय कुठे आहे? सो व्हॉट?' मला तर चिडवल्यासारखं वाटलं. रिव्हॅल्युएशन नसतं म्हणाले. टर्निटिनवर (नक्कल शोधणारं सॉफ्टवेअर) २३ टक्के आलेत, त्याचीही धास्ती आहे. पुढे ग्रुप प्रेझेंटेशन आहे, आमच्या पाच जणांतला एक मुलगा उगवतच नाही. ग्रुपमध्ये दोन मुली चीनच्या आहेत आणि एक मुलगा नायजेरियाचा, त्यांचं इंग्रजी कळत नाही. लेक्चरं आठवड्याला इनमिन बारा तास, उरलेल्या वेळात मी एका दुकानात काम करते. बाबांनी कर्ज काढलंय, घरी अजून बोलले नाही. इथे मार्क नक्की कशाला देतात तेच कळत नाहीये. कोर्स बदलू का? – एक देवगडकर, उत्तर इंग्लंड"*

देवगडकर मुली,

कोर्स बदलू नकोस. बाबांना आजच फोन करायलाही हवा असं नाही. तो कधी आणि कशासाठी करायचा ते शेवटी सांगते. आधी हिशेब करू, कारण तू घाबरलीस ती एका आकड्याला, आणि त्या आकड्याच्या शेजारी काय लिहिलंय ते वाचायचं राहून गेलं.

तू पाठवलेल्या मॉड्यूल हँडबुकात या विषयाच्या मार्कांचे तीन तुकडे दिलेत. पहिला रिपोर्ट ३० टक्के, ग्रुप प्रेझेंटेशन २० टक्के, जानेवारीतला ३००० शब्दांचा मार्केटिंग प्लॅन ५० टक्के. ४६ चे ३० टक्के म्हणजे १३.८. एवढे तुझ्या पदरात पडले. प्रेझेंटेशनला ६० मिळाले तर त्याचे १२. पन्नाशी गाठायला उरले २४.२, आणि त्यासाठी शेवटच्या प्लॅनला ४९ पुरतात. साठच्या वरचं मेरिट हवं असेल तर मात्र त्याच प्लॅनला ६९ लागतील, ते कठीण आहे. प्रत्येक तुकडा वेगवेगळा पास झालाच पाहिजे अशी अट काही विषयांना असते. तुझ्या या विषयाला नाही, मी शोधून पाहिली. बाकीच्या तीन विषयांचं हँडबुक तू आज रात्री उघड.

आणि ते ७८ टक्के विसर. तिथल्या एम.एस्सी.ला ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. ७० च्या वर जाणारे वर्गात बोटावर मोजण्याइतके, आणि ७८ दिले तर तो प्राध्यापक घरी जाऊन सांगत असेल, आज एक छान पेपर वाचला म्हणून. वरचे वीस-पंचवीस मार्क जवळजवळ वापरातच नसतात. आपल्याकडच्या टक्क्यांशी त्यांची सोयरीक जुळवायला गेलीस की उगाच रडू येतं.

मीही तिथेच शिकायला गेले होते, तेव्हा मला पहिल्या रिपोर्टला ४४ पडले होते. वय ३४, मागे वाशीच्या मार्केटात एका निर्यातदाराकडे आठ वर्षं आंबा-डाळिंबाचे कागद केलेले. वर्गातल्या पोरांना बिल ऑफ लेडिंग (जहाजाच्या मालाचा कागद) आणि एअरवे बिल (विमानाच्या मालाचा) यातला फरक माहीत नव्हता, मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आला असता. म्हणून मी पंधराशे शब्दांत माझं सगळं ज्ञान ओतलं. खाली शेरा होता: 'माहितीपूर्ण. पण तुम्ही काय करायला सांगताय?' दोन दिवस मी त्या बाईंशी मनातल्या मनात भांडत होते. पुढे त्याच देशात सहा वर्षं मी सेमिनार घेतले, असले रिपोर्ट गठ्ठ्याने तपासले, तेव्हा कळलं की तो शेरा लिहायला त्या बाईंना तीस सेकंद लागले असतील आणि त्यात काहीच खोट नव्हती.

तुझ्या हँडबुकात शेवटच्या पानावर एक तक्ता आहे, रुब्रिक म्हणतात त्याला. तू तो वाचला नसशील, कारण तो निकालानंतर बघायचा कागद वाटतो. खरं तर तो लिहायला बसण्याआधी भिंतीवर चिकटवायचा. त्यात लिहिलंय: बाजाराची माहिती २०, विश्लेषण आणि संकल्पनांचा वापर ३५, शिफारस आणि तिचं समर्थन ३०, मांडणी आणि संदर्भ १५. आता तुझा रिपोर्ट मी शब्द मोजून पाहिला. ब्रिटनची लोकसंख्या, राजेशाही, पंतप्रधान, हवामान, महागाई, इंटरनेट किती जण वापरतात, या सगळ्याला मिळून अकराशेच्या आसपास शब्द. म्हणजे पाऊण रिपोर्ट तू वीस मार्कांच्या कप्प्यात कोंबलास. शिफारशीला तू चार ओळी दिल्यास, आणि त्यातली एक ओळ 'ब्रिटनमध्ये हापूसला उज्ज्वल भविष्य आहे' अशी. तीस मार्कांच्या जागी चार ओळी! अशा हिशेबात ४६ आले हे त्या तपासणाऱ्याचं औदार्यच.

आपल्याकडे आपण असंच शिकलो, त्यात तुझा दोष नाही. 'सविस्तर लिहा' म्हटलं की पुरवणी जोडायची. तपासणारा मुद्दे मोजतो, दहा मुद्द्यांना दहा मार्क. तिथे मुद्दे मोजत नाहीत. एखादा मुद्दा तू कुठवर नेलास ते बघतात. 'सो व्हॉट' म्हणजे चिडवणं नव्हे गं. मराठीत आपण 'बरं, मग?' म्हणतो ना, तेच. तुझ्या प्रत्येक परिच्छेदाखाली पेन्सिलीने 'बरं, मग?' लिही. उत्तर देता आलं तर परिच्छेद ठेव, नाही आलं तर काढून टाक.

करून दाखवते. तुझी कायदेशीर बाबींची ओळ अशी आहे: '२०१४ मध्ये युरोपियन युनियनने भारतीय आंब्यावर बंदी घातली होती, ती नंतर उठवण्यात आली.' पुढच्याच ओळीत तू कर्मचारी संरक्षणाच्या कायद्यांवर गेलीस. अगं, तुझ्या अख्ख्या रिपोर्टातला सोन्याचा तुकडा तो होता, आणि तू त्यावर पाय देऊन पुढे गेलीस.

बरं, मग? १ मे २०१४ पासून बंदी आली, तेव्हा ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये होता. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूही अडकलं. कारण फळमाशी, मालात अळ्या सापडल्या होत्या. उठली कधी? जानेवारी २०१५ मध्ये मतदान होऊन. म्हणजे बंदी लागली ती ऐन मोसमात आणि उठली ती कलमांना मोहोर असताना. तुझ्या बाबांचा माल मार्च ते मे. एक मे म्हणजे अख्खा मे महिना हातातून गेला. यातून काय निघतं? एक, हापूसच्या धंद्यात विक्रीचे दिवस सत्तर-ऐंशी, त्यामुळे एक कन्साइनमेंट अडकली तर तिचं नुकसान बारमाही मालापेक्षा कितीतरी मोठं. दोन, एकाच्या पेटीतली अळी सगळ्या देशाच्या मालाला भोवते, म्हणून स्वतः कितीही काळजी घेतली तरी धोका शून्य होत नाही. तीन, तरणोपाय म्हणजे प्रक्रिया. युरोपसाठी आंबा ४८ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात तासभर ठेवायची पद्धत आली. अमेरिकेला जाणारा विकिरण करून (किरणांच्या माऱ्याने कीड निकामी करून) जातो, त्याची सुरुवात २००७ मध्ये लासलगावच्या केंद्रातून झाली. अशी सोय असलेलं, अपेडाकडे (केंद्र सरकारची शेतमाल निर्यात संस्था) नोंदलेलं पॅकहाउस तीनशे कलमांचा बागायतदार स्वतः उभारू शकत नाही. म्हणून पहिल्या वर्षी थेट निर्यात नको, नोंदणीकृत निर्यातदारामार्फत जावं, आणि पैशाचा सगळा भार ताज्या फळावर न टाकता काही हिस्सा डबाबंद रसाला द्यावा.

बघ, याला अडीचशे शब्द लागले नाहीत. यात माहिती आहे, तिचा अर्थ लावलाय आणि शेवटी 'करावं' असं एक क्रियापद आहे. रुब्रिकचे तीन कप्पे एका परिच्छेदात भरले.

याच्या उलटं उदाहरण तुझ्या आयातशुल्काच्या परिच्छेदाचं. भारत आणि ब्रिटनमध्ये २४ जुलै २०२५ ला व्यापार करारावर सह्या झाल्या, त्यामुळे हापूसला मोठी संधी, असं तू दीडशे शब्दांत लिहिलंस. दर वर्षी वर्गातली निम्मी मुलं ताज्या कराराबद्दल असंच लिहितात. आंब्याचा एच.एस. कोड (मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ०८०४५० टाकून ब्रिटनच्या शुल्कसूचीत बघितलं असतंस तर दिसलं असतं की ताज्या आंब्यावर तिथे मुळात शुल्कच नाही. शून्याचं अजून काय कमी होणार? अडसर शुल्काचा नाही, माशीचा आहे. हे एक वाक्य जरी रिपोर्टात असतं ना, तर तपासणारा खुर्चीत ताठ बसला असता.

आता कोर्स कसा बांधलाय ते बघू, कारण 'बारा तास लेक्चर' हे तुझ्या पत्रातलं वाक्य वाचून मला जास्त काळजी वाटली. मार्कांपेक्षा जास्त.

तुझं एम.एस्सी. १८० क्रेडिटचं. त्यातले ६० उन्हाळ्यातल्या प्रबंधाचे, उरलेल्या १२० मध्ये पंधरा-पंधराचे आठ विषय, एका सत्रात चार. एक क्रेडिट म्हणजे दहा तासांचं काम धरतात. म्हणजे एका विषयाला १५० तास. तुला वर्गात मिळतात किती? अकरा आठवडे, आठवड्याला दोन तास लेक्चर आणि एक तास सेमिनार, मिळून ३३. उरलेले ११७ तास कुणी शिकवत नाही, पण कोर्स त्या तासांवरच उभा आहे. चार विषयांचे ४६८. जानेवारीअखेरपर्यंत पंधरा आठवडे धरले तर आठवड्याला एकतीस तास, अधिक वर्गातले बारा. ही पूर्णवेळ नोकरी झाली. तू ती 'रिकामा वेळ' समजून दुकानाला विकलीस. व्हिसावर सत्र चालू असताना वीस तासांपर्यंत काम चालतं, पण चालतं म्हणून वीसच्या वीस तास करायलाच हवेत असं नाही. कर्जाचा हप्ता मला कळतो. तरी डिसेंबर-जानेवारीत आठ-दहा तासांवर आण. नापास झालेला विषय पुन्हा द्यावा लागला तर बहुतेक ठिकाणी ५० च्या वर मार्क देतच नाहीत, आणि ते दुकानातल्या पगारापेक्षा महाग पडतं.

आणि सेमिनारला तोंड उघड. लेक्चरला दोनशे जण असतात, सेमिनारला वीस. तिथे आधीच्या आठवड्यात एक केस (एखाद्या कंपनीची खरी गोष्ट) वाचायला देतात आणि तू ती बसमध्ये चाळून जातेस, हे पत्रात लिहिलं नाहीस तरी मला ठाऊक आहे. त्या केसखालचे दोन-तीन प्रश्न म्हणजे असाइनमेंटची रंगीत तालीम असते. सेमिनार घेणाराच पुष्कळदा पेपर तपासतो. वर्गात तुझं 'मला वाटतं जाऊ नये, कारण...' तो फुकटात दुरुस्त करून देतो. तेच रिपोर्टात लिहिलंस तर मार्क कापतो.

हँडबुकातली आठवड्यांची यादी एकदा सलग वाच. पहिले तीन आठवडे परिस्थिती आणि संस्कृती, मग बाजाराची निवड, मग प्रवेशाचा मार्ग, मग उत्पादन, किंमत, वितरण, जाहिरात. ही धड्यांची यादी नाही. धंद्यात माणूस ज्या क्रमाने ठरवतो तो क्रम आहे तो: जावं का, कुठे जावं, कसं जावं, काय घेऊन जावं. तुझ्या पहिल्या रिपोर्टात पहिले दोन प्रश्न होते. जानेवारीतल्या प्लॅनमध्ये उरलेले दोन येणार. तेव्हा आता आठवडा सहापासूनची प्रत्येक केस वाचताना बाजूला हापूस ठेव.

संकल्पनांबद्दल जरा सविस्तर सांगते, ३५ मार्क तिथे आहेत. तू हॉफस्टेडचा, देशांच्या संस्कृती आकड्यांत मोजणारा तक्ता छापलास. सत्तेतलं अंतर (वरच्या-खालच्यातली दरी लोक किती मान्य करतात ते) भारत ७७, ब्रिटन ३५, आणि खाली 'दोन्ही देशांच्या संस्कृतीत फरक आहे'. हॉफस्टेडने हे आकडे काढले ते १९६७ ते १९७३ च्या दरम्यान आय.बी.एम.च्या कर्मचाऱ्यांना प्रश्न विचारून. लेस्टरमधल्या किराणा दुकानातून डझनाची पेटी उचलणाऱ्या गुजराती मावशींबद्दल ते काय सांगणार? देशाची सरासरी घेऊन तू अशा गिऱ्हाइकाबद्दल बोलतेस जे त्या सरासरीत बसतच नाही. हेच लिहायचं. 'हा तक्ता माझ्या गिऱ्हाइकाला लागू पडत नाही, कारण...' संकल्पना वापरणं म्हणजे ती मान्य करणं नव्हे, आणि एक साधन जाणून बाजूला ठेवलं तर त्याचेही मार्क मिळतात.

पंकज घेमावत यांची अंतराची चौकट, २००१ ची, तुला जास्त उपयोगी पडेल. संस्कृती, प्रशासन, भूगोल, अर्थकारण अशी चार अंतरं ते धरतात. हापूसला सांस्कृतिक अंतर लंडनच्या भारतीय वस्तीच्या वेम्बलीत जवळपास शून्य, आणि एखाद्या इंग्रज खेड्यातल्या सुपरमार्केटात भलंमोठं. एकाच देशात दोन बाजार. तुझं सगळं डावपेचाचं लिखाण या फटीतून निघेल. दुसरं, योहान्सन आणि वाल्ने यांचं १९७७ चं उप्साला मॉडेल: कंपनी परदेशात पायरीपायरीने जाते, अनुभव येईल तसं पाऊल टाकते. बाबांनी निर्यातदारामार्फत सुरुवात करावी या शिफारशीला तो आधार आहे. लेव्हिट यांनी १९८३ मध्ये मांडलं की जगभर सारखाच माल चालेल. सुपरमार्केटात दिसणारा टॉमी अ‍ॅटकिन्स जातीचा आंबा म्हणजे लेव्हिट यांच्या म्हणण्याचं फळ! दिसायला लालबुंद, प्रवासात टिकतो, महिनाभर कुणाच्या तक्रारी नाहीत, आणि चवीला... असो. हापूस त्याच्या बरोबर उलट आहे. नाजूक, आणि वरून सोन्यासारखा दिसणारा आतून साका (गर पांढरट, स्पंजासारखा) निघू शकतो. सुपरमार्केटच्या खरेदीदाराला साका समजावून सांगायचा प्रसंग माझ्यावर आला आहे. 'वरून ओळखता येत नाही' या उत्तरानंतर त्याने पेन खाली ठेवलं. म्हणून सुपरमार्केटमध्ये जाऊ नये, ओळखीच्या दुकानदारांमार्फत पेटीने विकावं, हा निर्णय मी साक्यावरून घेईन. तू तुझा घे. माझ्या उलट घेतलास तरी चालेल, कारणं दे म्हणजे झालं.

दोन बारीक चुका. तू किंमत एफ.ओ.बी. मुंबई (माल मुंबईला जहाजावर चढेपर्यंतची) अशी दिलीस आणि माल विमानाने पाठवलास. २०२० च्या इन्कोटर्म्समध्ये (माल पोचवण्याच्या आंतरराष्ट्रीय अटींची यादी) ११ अटी आहेत, त्यातल्या चार फक्त जलवाहतुकीच्या, आणि एफ.ओ.बी. त्या चारांत येते. विमानाला एफ.सी.ए. (माल वाहतूकदाराच्या हाती देईपर्यंतची किंमत) लाव. वाशीत आम्ही सगळे विमानाच्या मालालाही सर्रास एफ.ओ.बी. म्हणायचो आणि कुणाचं काही अडत नसे, पण तिथे मार्क जातात. दुसरं, हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं म्हणजे ब्रिटनमध्ये नाव सुरक्षित झालं असं तू गृहीत धरलंस. ते मानांकन भारतातलं, त्याचं संरक्षण आपोआप सीमा ओलांडत नाही. वाशीत कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत विकला जातो हे तुझ्या बाबांना मी सांगायला नको. लंडनमध्ये कोण थांबवणार? हा धोका म्हणून लिही, ताकद म्हणून नको.

मॅकडोनाल्डने १९९६ मध्ये भारतात येताना बीफ आणि पोर्क वगळलं, हे उदाहरण कृपा करून घालू नकोस. भारतातून गेलेला प्रत्येक विद्यार्थी ते घालतो. मी सेमिनारला ते इतक्यांदा ऐकलंय की पुढची ओळ मीच म्हणायचे.

रिव्हॅल्युएशनचं तुला बरोबर सांगितलं. आपल्यासारखी फोटोकॉपी मागवून पुन्हा तपासणी तिथे नसते. परीक्षकाच्या शैक्षणिक मताविरुद्ध अपील चालत नाही. काही प्रक्रिया चुकली असेल, बेरीज चुकली असेल, आजारपणासारखं कारण वेळेवर कळवूनही धरलं गेलं नसेल, तरच. पण नमुन्याचे पेपर दुसरा प्राध्यापक बघतो, बाहेरच्या विद्यापीठाचा परीक्षकही असतो, तेव्हा तुझ्यावर कुणी खार खाऊन आहे हे डोक्यातून काढ. अपीलच्या ऐवजी ऑफिस अवर, म्हणजे प्राध्यापकांना भेटायची वेळ, मागून घे. 'मला मार्क कमी का' असं विचारू नकोस. तुझा एक परिच्छेद नव्याने लिहून ने आणि विचार, 'हा आता कसा वाटतो?' या प्रश्नाला ते अर्धा तास देतात, पहिल्या प्रश्नाला दोन मिनिटं.

टर्निटिनचे २३ टक्के म्हणजे चोरी नव्हे. तो फक्त जुळणारा मजकूर दाखवतो, त्यात तुझी संदर्भसूची, मुखपृष्ठ, अवतरणचिन्हातली वाक्यं सगळं येतं. रंगीत भाग उघडून बघ. एका ठिकाणाहून सलग तीन-चार ओळी आल्या असतील आणि अवतरणचिन्ह नसेल तर ते चुकीचं, मग टक्के पाच का असेनात. तुझ्यात तशी एक जागा मला दिसली, जी.आय.च्या (भौगोलिक मानांकनाच्या) परिच्छेदात. पुढच्या वेळी पुस्तक मिटून, आठवून आपल्या शब्दांत लिही आणि संदर्भ दे. चॅटजीपीटीचं विचारलं नाहीस, तरी ब्रीफमध्ये (असाइनमेंटच्या सूचनांत) काय परवानगी आहे ते वाच. प्रत्येक विषयाचा नियम वेगळा असू शकतो.

आता तो न उगवणारा मुलगा. भांडू नकोस, त्याला सांभाळूनही घेऊ नकोस. पुढच्या मीटिंगनंतर पाच ओळींची ई-मेल सगळ्यांना: कोण आलं, काय ठरलं, कुणी काय कधीपर्यंत करायचं. त्यालाही पाठव, तेवढ्याच सौम्य भाषेत. अशा दोन ई-मेलनंतर एक तर तो येतो, नाहीतर शिक्षकांकडे न्यायला तुझ्याकडे कागद असतो. हँडबुकात 'सहकाऱ्यांनी द्यायचे गुण' असं एक पान आहे, म्हणजे ग्रुपच्या मार्कांत प्रत्येकाच्या कामाप्रमाणे कमीजास्त होणार. हे प्रेझेंटेशनच्या दोन आठवडे आधी सांगायचं, आदल्या रात्री नाही. आदल्या रात्री सांगणाऱ्यांना आम्ही मनातून मार्क द्यायचो, ते चांगले नसत.

तू लिहिलंस की ग्रुपमध्ये दोन मुली चीनच्या आहेत आणि एक मुलगा नायजेरियाचा, आणि 'त्यांचं इंग्रजी कळत नाही'. त्यांनाही तुझं कळत नसेल. प्रश्न मीटिंगच्या आधी लेखी पाठवून बघ, उत्तरं किती वेगळी येतात ते. आणि विषयच जर परक्या बाजाराचा आहे तर तुमच्या टेबलावर निदान तीन देश बसलेत. फळ भेट देताना चीनमध्ये पेटी कशी दिसायला लागते, हे त्या मुलींना विचारलंस का कधी?

राहिले बाबा. शनिवारी फोन कर. ४६ सांग, आणि त्याच दमात १३.८ चा हिशेबही सांग. कलमांचा माणूस आहे, एका मोसमावर बाग तोडत नाहीत हे त्याला कळतं. मग वही घेऊन विचार: गेल्या मोसमात किती पेट्या गेल्या, निर्यातीच्या प्रतवारीत किती बसल्या, साक्यापायी किती परत आल्या, व्यापाऱ्याने काय कापलं. हे आकडे तुझ्या विद्यापीठाच्या लायब्ररीत मिळणार नाहीत आणि वर्गातल्या दुसऱ्या कुणाकडेही नाहीत. मात्र प्लॅनमध्ये घालण्याआधी शिक्षकांना एक ई-मेल टाक. तिथे माणसांकडून माहिती घ्यायची तर आधी नैतिक परवानगीचा फॉर्म लागतो, स्वतःच्या बापाकडून घ्यायची असली तरी. कोर्सवर्कला तसली मुलाखत चालत नाही म्हणाले तर आकडे प्लॅनमध्ये घालू नकोस, वहीत ठेव. उन्हाळ्यात प्रबंध आहेच.

– ताई